धन्यानं खळ्यावर बसायचं नाही

आमच्या गावात माणूस आजारी पडला की पहिले आठ दिवस त्याच्या ओटीवर चपला काढायला जागा नसते. मग तो बराही होत नाही आणि मरतही नाही असं दिसायला लागलं, की लोक आपापल्या कामाला लागतात. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण उगाच पडलेली नाही. हे मी गावाला नावं ठेवायला लिहीत नाही. कमळू वेखंडेच्या बाबतीत त्या लोकांत पहिला नंबर माझा होता.

मी साईनाथ. किन्हवलीच्या पुढं आमचं गाव आहे, तिथल्याच शाळेत मी मास्तर होतो. कमळू माझ्याच वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो, मग त्यानं नांगर धरला आणि मी खडू. अंगानं तो उंच, रुंद छातीचा. भाताचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा आणि वर बोलतही राहायचा. त्याची बायको चंदा ब्याण्णव साली काविळीनं गेली. मुलगी दिशा पडघ्याकडं दिलेली. त्यानंतर हा गडी घरात एकटाच होता. जाडजूड भाकऱ्या थापायचा आणि कुणी घरी आलं की आग्रहानं वाढायचा. त्या भाकऱ्या चावायला दात मजबूत लागत.

घरात एकटा असला तरी माणूस म्हणून तो एकटा नव्हता, कारण आमची सावड होती. सावड म्हणजे आज पाच घरं मिळून तुझ्या शेतावर, उद्या तीच पाच घरं माझ्या शेतावर. मजुरी नाही, दिवसाला दिवस. कमळू, मी, धर्मा, काळूराम आणि सुंदरावहिनी अशी आमची पाच घरं. सुंदरावहिनी विधवा, पण चार पुरुषांना पुरून उरेल अशी बाई.

तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माच्या अंगणात आम्ही जमायचो. पाच घरांच्या पाच सुपाऱ्या एका सुपात टाकायच्या. प्रत्येक सुपारीला खूण असायची. माझ्या सुपारीला चुना, धर्माच्या हळद. कमळू चंदाच्या जुन्या लुगड्याचा लाल दोरा गुंडाळायचा. मग सुंदरावहिनी सूप हलवायच्या आणि ज्याची सुपारी आधी बाहेर पडेल त्याची झोडणी आधी. भाताच्या पेंढ्या लाकडी ओंडक्यावर आपटून दाणा काढायचा, ती झोडणी. ज्याचं खळं तो त्या दिवसाचा धनी. धन्यानं सगळ्यांच्या आधी पेंढी उचलायची, सगळ्यांच्या शेवटी खाली ठेवायची आणि मधे खळ्यावर बूड टेकायचं नाही. चार घरं आपल्यासाठी अंग मोडणार आणि आपण बसून राहणार, हे आमच्यात बरं दिसत नाही.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात कमळूचं खळं होतं. मी शाळेतून रजा काढली होती. सकाळी इतका गारठा की पेंढी धरताना बोटं वळत नव्हती. दहाच्या सुमारास सगळे रंगात आले. पाच ओंडके, पाच माणसं, एकामागोमाग एक आवाज. मधेच एक आवाज गळला म्हणून मी वळून पाहिलं. कमळूनं पेंढी खाली ठेवली होती. एक हात छातीवर, दुसरा जमिनीकडं, म्हणजे तो बसायच्या बेतात होता. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तोंड राखेसारखं झालं होतं. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

मी ओरडलो, "काय कमळूशेठ, आपल्याच खळ्यावर पाव्हणे झाले काय? धन्यानं बसायचं नाय रे, बसायला आमी हाव ना!"

सगळे हसले. थट्टा करणं हे सावडीत माझं ठरलेलं काम होतं. मास्तर, अंगात जोर कमी, म्हणून तोंड चालवायचं. कमळूही हसला. जमिनीकडं गेलेला हात त्यानं वर घेतला, पेंढी उचलली आणि आपटली.

दुपारी तो जेवला नाही. पित्त झालंय म्हणाला. सुंदरावहिनींनी ओवा दिला, तो चघळला. डावा हात सारखा चोळत होता. दिवस मावळेपर्यंत उभा राहिला आणि शेवटची पेंढी त्यानंच झोडली. आम्ही हातपाय धुऊन घरी गेलो. दुसरा दिवस त्यानं गॅस झाला म्हणून सोड्यावर काढला. तिसऱ्या दिवशी त्याला आडवं पडलं की श्वास पुरेना. धर्मा आणि मी त्याला जीपमध्ये घालून शहापूरला नेलं आणि तिथून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात.

ठाण्याच्या डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

"परवा सकाळी दहाला," मी म्हणालो. एवढी नेमकी वेळ मला कशी माहीत, हे त्यानं विचारलं नाही.

त्यानं समजावून सांगितलं. हृदय म्हणजे मांसच आहे, त्यालाही रक्त लागतं. ते नेणारी शीर बंद झाली, पुढचा भाग रक्तावाचून मेला. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बराचसा वाचला असता. आता उरलेला भाग एकटाच ओढतोय, म्हणून तो ताणला जाणार, सैल पडणार. हृदयाचं काम निम्म्याच्याही खाली आलंय. गोळ्या जन्मभर.

कमळूनं हे सगळं स्वतःच्या भाषेत करून घेतलं. आठ दिवसांनी दिशाला सांगत होता, "पाटाचं पानी अडलं, खालचं खाचर करपलं. आता पाट मोकळा केला तरी करपलेलं भात काय उठतं का?" मला वर्गात इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही.

निघताना डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणाला, "याला अगदी बसवून ठेवू नका. ओझं उचलायचं नाही, पण सावकाश चालू दे, हलकं काम करू दे, माणसांत राहू दे." धर्मा तेव्हा जीप बघायला गेला होता. ऐकणारा मी एकटा.

गावात आल्यावर धर्मानं विचारलं, "काय बोल्ला रे डॉक्टर?"

मी म्हणालो, "त्याला कामाला बोलवायचं नाय. काय झालं तर आपल्या डोक्यावर येईल."

असं का बोललो, याची मी पुढं मनातल्या मनात पुष्कळ कारणं तयार केली. खरं कारण एकच. कमळू पुन्हा खळ्यावर आला असता, तर मला रोज त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. चोराच्या मनात चांदणं.

पहिली दोन वर्षं आम्ही चार घरांनी त्याचं शेत करून दिलं. लावणी, कापणी, झोडणी, सगळं. तो चहा करून आणायचा. हातात विळा घ्यायला गेला की चारी बाजूंनी "बस, बस, तू बस" असा गलका व्हायचा. तोच माणूस, ज्याला एकदा बसायचं होतं तेव्हा मी बसू दिलं नाही. आता त्याला सगळ्यांनी मिळून बसवून ठेवलं. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो लाल दोऱ्याची सुपारी घेऊन आला, तर धर्मा मायेनं म्हणाला, "कमळू, तुझं खळं आमी करूच की. सुपारी टाकून काय करतोस?" कमळूनं सुपारी बंडीच्या खिशात घातली. पुढच्या वर्षीही आणली आणि परत नेली.

तिसऱ्या वर्षी त्यानं माळाकडचं शेत काळूरामला अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीनं, दिलं आणि सांगितलं, "आता माझ्याकडं येऊ नका. मी कुनाचा दिवस फेडू शकत नाय, मग घेऊ कशाला?" आम्ही दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. खरं म्हणजे सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर त्याच्या अंगणात फारसं कुणी फिरकलं नाही. भांडण नव्हतं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वाटेत भेटला की सगळे विचारायचे, "बरं हाय ना? जप." आणि पुढं जायचे, कारण त्याच्या पावलानं चालायला कुणाला वेळ नव्हता. देवळापासून त्याच्या घरापर्यंत तो तीन ठिकाणी थांबायचा. थांबल्याचं कळू नये म्हणून कधी कुंपणाची काठी हलवून बघायचा, कधी आकाशाकडं बघायचा. लग्नाच्या पंगतीत बसणंही सुटलं, कारण मीठ बंद. एकदा सुंदरावहिनींच्या मुलाच्या लग्नात तो फडक्यात बांधून आपली आळणी भाकरी घेऊन आला. पंगतीत घरची भाकरी सोडलेली पाहून मुलीकडच्या कुणीतरी विचारलं, "आमचं अन्न चालत नाय काय याला?" त्यानं भाकरी परत बांधली आणि निघून गेला. पुढं कुणाच्या लग्नाला गेला नाही.

गोळ्या संपल्या की शहापूरच्या दवाखान्यात जायचा. त्यात अंगातलं पाणी काढायची एक गोळी होती. ती घेतली की दर अर्ध्या तासानं लघवीला जावं लागे. एसटी काही एका माणसासाठी थांबत नाही. म्हणून शहापूरला जायच्या दिवशी तो ती गोळी घ्यायचाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाय भरून यायचे. दवाखान्यात जाण्यासाठी दवाखान्याचंच औषध चुकवायचं, असा तो कारभार. हेही मला फार उशिरा कळलं. विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

घरामागं त्याचं एक खाचर होतं, सहा गुंठ्यांचं. ते मात्र त्यानं कुणाला दिलं नाही. काळूराम नांगरून द्यायचा, पुढचं सगळं हा एकटा. लावणीसाठी वाकायला नको म्हणून मोड आलेलं बी चिखलात फेकायचा. कापणीला आम्हाला सहा गुंठे म्हणजे एका सकाळचं काम. त्याला तीन आठवडे लागायचे. पाच मुठी कापायच्या, बांधावर बसायचं. पुन्हा पाच मुठी. एक एक पेंढी काखेत धरून घरापर्यंत आणायची. आणि मग झोडणी. रोज जमतील तेवढ्या पेंढ्या, होळीपर्यंत. गावातली पोरं म्हणायची, कमळूबाबाचं झोडणं आणि होळी एकाच दिवशी संपतात.

त्याचं घर शाळेच्या मागच्या बाजूला. मी फळ्यावर लिहीत असताना तो आवाज ऐकू यायचा. धप्प. मग काही नाही. मी पाढा घ्यायचो, मुलं म्हणायची, आणि पाढा संपता संपता पुन्हा एक धप्प. ज्यानं सावडीतल्या झोडणीचा आवाज ऐकलाय, पाच माणसांच्या पेंढ्या एकमेकींच्या पाठोपाठ पडताना ऐकल्यात, त्याला हा एकट्या पेंढीचा आवाज ऐकवत नाही. पहिल्या वर्षी दोन आवाजांच्या मधे एकच पाढा व्हायचा. पुढं पुढं कविता म्हणून व्हायची. मी मागच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचो. मुलांना सांगायचो, धूळ येते.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत तो आवाज बंद झाला. एक दिवस, दोन दिवस, तीन. चौथ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत गेलो. सहा वर्षांत मी त्याच्या अंगणापर्यंत पुष्कळदा गेलो होतो, उभ्या उभ्या "बरं आहे ना" म्हणून परतलो होतो. त्या दिवशी आत गेलो. कमळू कणगीला पाठ टेकून बसला होता. आडवं पडलं की बुडल्यासारखं होतं म्हणून तो कित्येक महिने असाच बसून झोपत होता. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. मी घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"तीन दिवस कुणाला हाक नाही मारलीस?" मी चिडून विचारलं. चिडायचा मला काय अधिकार होता, देव जाणे.

तो दम खात म्हणाला, "मारली रे. लांब जात नाय आता."

जीप करून त्याला शहापूरला नेलं. सहा दिवस ठेवून घेतलं, बरंचसं पाणी काढलं. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद चाळत विचारलं, "दिवसभर काय करता, बाबा?"

"बसतो."

"नुसते? का? थोडं हलकं काम करायला हरकत नाही. माणसांत मिसळा. काहीच करायचं नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

कमळूनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

परतताना जीपनं सापगावचा पूल ओलांडला. मग कमळू म्हणाला, "मास्तर, मला दुसरं काय नको. यंदा माझी सुपारी सुपात टाक. झोडायला नाय जमणार, पन बसून बंद वळीन. पेंढ्याचे भारे बांधायला बंद लागतातच ना? तेवढाच माझा दिवस धरा."

झोडून उरलेल्या पेंढ्याचेच पीळ देऊन हे बंद करतात. किचकट काम. सगळे टाळतात आणि शेवटी घाईघाईत कसेतरी वळतात. मी हो म्हणालो.

हो म्हणणं सोपं होतं. नोव्हेंबरात धर्माच्या अंगणात मी ती सुपारी पुढं केली, तर धर्मा उखडला. "मास्तर, तूच बोल्ला व्हतास ना त्याला बोलवायचं नाय? आता खळ्यावर येऊन पडला म्हंजे? कुनाच्या खळ्यावर मरायचा तो?"

त्याचं चुकत नव्हतं. सात वर्षांपूर्वी ती भीती मीच त्याच्या डोक्यात घातली होती. मी म्हणालो, "डॉक्टर काय बोलला होता ते मी अर्धंच सांगितलं तुम्हाला. त्याला माणसांत राहू द्या, असं सांगितलं होतं. मी ते लपवलं."

सुंदरावहिनींचा हात सुपावर थांबला. "अगो बाई, असं का केलंत मास्तर?"

सुंदरावहिनींनी लाल दोऱ्याची सुपारी माझ्या हातातून घेतली आणि सुपात टाकली. "मरायचाच असंल तर माझ्या खळ्यावर मरू दे. घरात एकटा मरन्यापरीस बरा." त्या वर्षी कमळूची सुपारी तिसरी पडली आणि माझी शेवटची.

कमळू खळ्यांवर आला. सकाळी सगळ्यांच्या आधी काठी टेकत निघायचा, म्हणजे सगळ्यांच्या बरोबर पोचायचा. एका कोपऱ्यात पोत्यावर बसून बंद वळायचा. असे बंद मी आयुष्यात पाहिले नाहीत. एकसारख्या जाडीचे, घट्ट, एकही काडी बाहेर नाही. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याकडं चोरून बघत होते, की हा पडतो की काय. दुपारपर्यंत विसरले. संध्याकाळी काळूराम त्याच्यावर खेकसला, "आरं बंद दे लवकर, झोप लागली काय?" ती शिवी खाऊन कमळूचा चेहरा असा काही उजळला, की मला दुसरीकडं बघावं लागलं.

त्याच्या स्वतःच्या खळ्याचा दिवस आला. सहा गुंठ्यांचं भात, आम्हा चौघांना दीड-दोन तासांचं काम. मी शाळेतली खुर्ची आणून खळ्याच्या कडेला ठेवली. कमळू काठीवर रेलून उभाच राहिला. हातात नेम म्हणून एक पेंढी. अर्धा तास झाला, त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "बस ना रे आता."

तो म्हणाला, "धन्यानं बसायचं नाय. तूच बोल्ला व्हतास."

माझ्या हातातली पेंढी खाली आली. "आठवतंय तुला?"

"विसरायला काय झालं? तितकंच तर मोडलं, बाकी सगळं शाबूत हाय." त्यानं छातीवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

सात वर्षं जो प्रश्न गिळून बसलो होतो, तो त्या वेळी तोंडातून गेला. "कमळू, मी बोललो नसतो, तर तू बसला असतास?"

तो नाही म्हणेल, अशी मला आशा होती. मोठ्या मनाचा माणूस. नाय रे, माझंच मेल्याचं नशीब, असं काहीतरी म्हणेल आणि मला मोकळं करेल. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "बसलो असतो."

मागं धर्मा-काळूरामच्या पेंढ्या पडत होत्या.

"त्याचा राग नाय," तो म्हणाला. दोन शब्दांमागं एक श्वास, असं त्याचं बोलणं झालं होतं. "मी पन हसलो व्हतो. कुनीबी हसला असता. पन मास्तर, त्याच्यानंतर तू माझ्या वटीवर किती वेळा बसलास? ते दुखनं गोळीनं जात नाय रे."

मग त्यानं पेंढी ओंडक्यावर ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली. ती शेवटपर्यंत त्यानं बाजूलाच ठेवायला लावली आणि सगळं संपल्यावर स्वतः दोनदा हलकेच झोडली. रिवाज म्हणजे रिवाज. मगच खुर्चीवर बसला. सुंदरावहिनींनी त्याला बिनमिठाची पिठलं-भाकरी वाढली आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली. घशाखाली उतरत नव्हती, पण कुणी मीठ मागितलं नाही.

त्यानंतरचे बारा दिवस मी रोज शाळा सुटल्यावर त्याच्या ओटीवर जाऊन बसलो. फार बोलणं व्हायचं नाही. तो बंद वळायचा, मी वह्या तपासायचो. काळूरामचं खळं झालं, आता राहिलं माझं. मी म्हणालो, "माझ्या खळ्यावर बंद नको वळूस, नुसता गप्पा मारायला ये." तो म्हणाला, "फुकट बसायला यायचं असतं, तर सात वर्षं आलो नसतो का?"

माझ्या खळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी मी शाळेची घंटा द्यायच्या वेळी दूधवाल्यानं येऊन सांगितलं. कमळू ओटीवर भिंतीला टेकून बसलेला होता, मांडीवर पेंढा, आणि हातातला बंद अर्धा वळलेला.

दिशा आली. दहावा झाला, आणि घर बंद करायच्या आधी तिनं मला बोलावलं. ओटीच्या कोपऱ्यात बंदांची एक मोळी रचून ठेवलेली होती. तिला सुपारी बांधलेली, लाल दोऱ्याची.

"मास्तरकाका, हे तुमच्या खळ्यासाठी हाय वाटतं," दिशा म्हणाली. "बाबा फोनवर बोल्ला व्हता, मास्तरचा दिवस आधीच करून ठेवतो, भरवसा नाय."

मोळी मी डोक्यावर घेऊन घरी आणली. कमळूकडं माझा एक दिवस राहिला आहे, असं मी गेले दहा दिवस मनाशी धरून बसलो होतो. त्यात मला बरं वाटत होतं, कारण माझंही त्याच्याकडं काहीतरी निघत होतं. तेवढंही त्यानं ठेवलं नाही.

पुढच्या रविवारी माझं खळं झालं. चार घरं आली, चार ओंडके मांडले. माझ्या पेंढ्याच्या एकाही भाऱ्याला दुसरा बंद लागला नाही. दुपारच्या आधी कधीतरी मी पेंढी खाली ठेवली आणि खळ्याच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, जमिनीवर बसलो. अंगात काही दुखत नव्हतं. तिघांच्या पेंढ्या थांबल्या. धर्मानं माझ्याकडं पाहिलं, सुंदरावहिनींनी पाहिलं.

धनी असून खळ्यावर बसलो, तरी कुणी काही बोललं नाही. असल्या वेळी थट्टा करणारा आमच्या सावडीत एकच होता, आणि तो मी.